हातानं काय वाजवताय?

मेहुण्यानं दिलेला फुकट पास, ठिकाण बीकेसी, प्रसंग हिंदी सिनेमाचे वार्षिक पुरस्कार. कुठले ते सांगत नाही. मेहुण्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. दारात पाण्याची बाटली काढून घेतली आणि आत थेट पुढच्या सोफ्यावर बसवलं. मी हुरळलो. मग कळलं, जागा एका हिरोची. तो येईपर्यंत रिकामी दिसू नये म्हणून मी.

शेजारी साठीचे, सफारीतले एक काका. इथले नेहमीचे.

"पाठ टेकू नका," ते म्हणाले. "टेकली की उठायला वेळ लागतो. मग ती हेडफोनवाली पोरगी ओरडते."

ती ओरडलीच. स्टेजवर चिटपाखरू नव्हतं, पण टाळ्या हव्या होत्या, नंतर जोडायला. मी वाजवल्या. काकांना माझी कीव आली.

"साहेब, हातानं काय वाजवताय? चेहऱ्यानं वाजवा. कॅमेरा चेहऱ्यावर असतो."

मग शिकवणीच सुरू झाली. नव्या नटीला टाळी द्यायची ती मान कलती करून, वडीलधाऱ्या कौतुकानं. जीवनगौरवाला उभं राहायचं आणि हनुवटी थोडी थरथरवायची. "जमत नसेल तर घरातलं गेलेलं कुणीतरी आठवा. मी सासऱ्यांना आठवतो."

"आणि आपला माणूस हरला तर?"

"आपला कोण आहे इथं?"

एवढ्यात पोरगी म्हणाली, विनोद झालाय, हसा. विनोद व्हायचा होता; सूत्रसंचालक अजून मेकअपला बसलेला. काका मात्र असे खदखदले, की माझंच काहीतरी ऐकायचं राहिलं असं वाटून मीही हसलो.

मला उगाच फिल्मफेअर आठवलं. १९५४ साली मेट्रो थिएटरात पहिला सोहळा झाला तेव्हा बक्षिसं पाचच होती. दिलीपकुमार, मीनाकुमारी, बिमल रॉय, नौशाद. एवढ्याला कितीसा वेळ लागणार? त्यांची ती काळी बाहुलीही आपल्या एन. जी. पानसरे यांनी घडवलेली. हे मी काकांना छाती फुगवून सांगितलं.

"त्यांना पास मिळाला होता का?" काकांनी विचारलं.

हिरो आला तेव्हा मला दंडाला धरून उठवलं आणि एसीच्या झोताखाली उभं केलं. त्यानं बाहुली घेतली आणि मागच्या दारानं तो गेला. मला पुन्हा त्याच्या जागी बसवलं. सोफा अजून गरम होता.

नंतर ध्वनिमुद्रणाचं बक्षीस घ्यायला एक माणूस आला. नवा कोट, हातात आभाराचा कागद. तो वाचत होता तेव्हा पोरगी आम्हाला इकडून तिकडे हलवत होती. मी टाळ्यांना हात उचलले.

"टेक्निकल आहे," काका म्हणाले. "टीव्हीवर दाखवत नाहीत. हात वाचवा."

त्या माणसानं आवाज पकडायचा, आणि त्याच्यासाठी कुणी आवाज करायचा नाही. संताप आला, पण तो चेहऱ्यावर दिसू न देण्याचीच मला तालीम मिळालेली.

संपलं तेव्हा शेवटची लोकल गेलेली. गेटवर काका पुलावाचं पाकीट घेऊन रोजाची सही करत होते. मीही हात पुढे केला.

"तुम्ही पासवाले," वाटणारा म्हणाला. "पासवाल्यांना जेवण नाही."

बीकेसी ते मुलुंड, रिक्षा, मध्यरात्रीचं सव्वापट भाडं. मेहुण्याला पावती पाठवली आहे. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.