ढेकूण तुमच्या घरातले, बोल आम्हाला?

या घरात ढेकूण आहेत हे मालकांना माहीत होतं, दलालाला माहीत होतं आणि समोरच्या दारातल्या काकूंनाही माहीत होतं. आम्ही डिपॉझिट भरलं, एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मोजलं, टेम्पो करून नाशिकहून सगळा संसार पुण्यात आणला, तोवर एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. आणि आता हेच सगळे आम्हाला विचारतायत, "तुमच्या सामानातून तर आले नाहीत ना?" नुसता संताप होतो.

राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या दंडावर आणि मानेवर लाल गांध्या उठायला लागल्या. एका ओळीत तीन-तीन, चार-चार. लेकीच्या पोटऱ्या तर भरून गेल्या होत्या. नवऱ्याच्या अंगावर मात्र एक डाग नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसुलं भिजवून लाव. डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी लिहून दिली. साबण बदलला, टँकरच्या पाण्यावर संशय घेतला, शेंगदाणे बंद केले. "तुलाच कसं चावतं मग, मला नाही चावत ते?" हे मी रोज ऐकत होते. ढेकणाचा चावा प्रत्येकाच्या कातडीवर उठतोच असं नाही. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांतल्या एकाला फोड येतात आणि दुसऱ्याला चावलेलं कळतसुद्धा नाही. घरात कुणी अंग खाजवत असेल आणि बाकीचे ठणठणीत असतील तर त्या माणसाला वेड्यात काढू नका, एवढं तरी माझ्यावरून घ्या.

मग एका रात्री दिवा लावला आणि टॉर्च घेऊन बेडरूममधला बॉक्स बेड उघडला. हा बेड मालकांचा. घर 'फर्निश्ड' आहे म्हणून त्याचे भाड्यात वेगळे पैसे लावलेत आणि तो भिंतीला स्क्रूने पक्का ठोकलाय, म्हणजे हलवायची सोय नाही. प्लायच्या सांध्यांत, सनमायका सुटला होता त्या फटीत, स्क्रूच्या भोकांत ढेकणांच्या विष्ठेचे काळे ठिपके. थरावर थर. मधे पांढरी बारीक अंडी चिकटलेली, सुटलेल्या काती, आणि त्यांच्यात जिवंत, फुगलेले, तपकिरी ढेकूण. वास तर असा की अजून नाकातून जात नाही. लेक तीन फुटांवर झोपली होती.

सकाळी मालकांना फोन लावला. त्यांचं पहिलं वाक्य: "मॅडम, आमच्या घरात आजवर एक ढेकूण निघालेला नाही. तुम्ही गादी कुठून आणलीत?"

काका, आता नीट ऐका. ढेकूण अंड्यातून निघाला की मोठा होईपर्यंत पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक कात टाकायच्या आधी त्याला एकदा पोटभर रक्त लागतं. पुण्याच्या हवेतसुद्धा अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला महिन्याच्या वर जातो. मग आम्ही येऊन आठवडा होतोय तोच तुमच्या बेडच्या सांध्यात लहानमोठ्या सगळ्या मापांच्या कातींचा खच कसा पडला? आमच्या गादीतून चार ढेकूण आले असते तर आमच्या गादीच्या शिवणीत काहीतरी सापडलं असतं. गादी मी इंच न् इंच तपासली. कचरा सगळा तुमच्या प्लायमध्ये. घर दोन महिने बंद होतं म्हणता, म्हणून काय झालं? न खाता दोन-तीन महिने ते सहज काढतात. बंद घरातले ढेकूण मरत नाहीत, वाट बघतात.

यावर काय उत्तर आलं? "आम्ही पेस्ट कंट्रोल करूनच घर दिलंय, पावती आहे." पावती मागितली. आढेवेढे घेत फोटो पाठवला. पावती झुरळांच्या जेलची! स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली आणि कपाटांच्या बिजागऱ्यांना लावतात ते जेल. झुरळ ते खातं म्हणून मरतं. ढेकूण रक्ताशिवाय काही तोंडात घेत नाही, तो तुमचं जेल कशाला चाटायला जाईल? त्या जेलची पावती दाखवून 'पेस्ट कंट्रोल झालंय' सांगणं ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही. दलालाने घर दाखवताना हेच वाक्य दोनदा म्हटलं होतं. "रंग दिलाय, पेस्ट कंट्रोल झालंय, फक्त बॅगा घेऊन या." रंग दिलाय तोही आता कळला कशाला दिला ते. स्विचबोर्ड उघडायला इलेक्ट्रिशियन आणला तर पट्टीच्या मागे जुन्या रंगावर काळे डाग आणि त्यांच्यावरून नवा क्रीम रंग फिरवलेला. रंगाऱ्याला दिसले असणार. मालकांना त्याने सांगितलंही असणार. ब्रश मारून झाकून टाकलं आणि भाडं वाढवलं.

मग वॉचमनदादा हळूच बोलले की आधी राहणारी पोरंही याच कारणाने गेली, जाताना गाद्या जाळायला नेल्या. समोरच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "सांगणार होते गं, पण म्हटलं कशाला उगाच. त्यांचं घर भाड्याने जायचं असतं, आपण मोडता कशाला घाला." काकू, तुम्ही आल्यादिवशी माझ्या लेकीला मांडीवर घेऊन लाडू भरवलात. त्याच लेकीला रात्री कुठे झोपवणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मालकाशी संबंध बिघडू नयेत म्हणून चार वर्षांच्या पोरीचं अंग फोडून घेतलंत. याची चीड मला मालकांपेक्षा जास्त येते.

आणि खरं सांगायचं तर काकूंच्याही घरात आहेत. त्यांनी गुपचूप फवारणी करून घेतली, कुणाला कळू न देता. त्यांच्याकडे फवारलं की वायरिंगच्या पाइपांतून, भिंतीच्या फटींतून ते आमच्याकडे सरकणार, आमच्याकडे फवारलं की वरच्या मजल्यावर. सगळे आपापल्या दाराआड लपूनछपून उपाय करतायत आणि ढेकूण अख्ख्या इमारतीत फिरतायत. आजी सांगायची, वाड्यात ढेकूण झाले की एका दिवशी सगळ्या बिऱ्हाडांच्या खाटा अंगणात निघायच्या. सुंभ सोडायचं, खुरांच्या खाचांत उकळतं पाणी ओतायचं, कुणी रॉकेल फिरवायचं, गोधड्या उन्हात. कुणाच्या घरचे आधी आले याची चौकशी कुणी करत नव्हतं. एकदम सगळ्यांनी केलं तरच ते जातात हे त्या न शिकलेल्या बायकांना कळत होतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच वेळी फवारणी करता येईल का? म्हणाले, "असं नोटीस बोर्डावर लावलं तर सोसायटीचं नाव खराब होईल, फ्लॅटचे रेट पडतील." सोसायटीचं नाव जपायचं आणि आत माणसांनी रात्रभर अंग खाजवत बसायचं!

हीच ती लाज, जिच्या जोरावर हे सगळं चालतं. ढेकूण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिली येते ती घाण. लेकीच्या शाळेतल्या बाईंनी तिच्या हातावरचे फोड बघून मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी स्वच्छता ठेवता ना?" मी दिवसातून दोनदा फरशी पुसते, चादरी उकळत्या पाण्यातून काढते. त्या बाईंना काय सांगू? ढेकणाला घाण लागत नाही, त्याला माणूस लागतो. अंगाची ऊब आणि श्वासातून निघणारा वायू यांच्या मागावर तो येतो. लखलखीत हॉटेलात येतो, रेल्वेच्या एसी डब्यात येतो. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांवरून केवढा गदारोळ झाला, तिथे काय सगळे गलिच्छ राहत होते? त्यातून ढेकणाने रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून याला कुणी गंभीरपणे घेतही नाही. डासाच्या अळ्या सापडल्या तर नोटीस निघते. इथे झोपेचं खोबरं झालंय, पोरगी रात्री दचकून उठते, तर "ढेकूणच तर आहेत" म्हणून लोक हात झटकतात.

उपाय सांगणाऱ्यांचा राग वेगळाच. मालकांनी सुचवलं, हार्डवेअरच्या दुकानात ते 'स्ट्राँग' औषध मिळतं, शिंपडा आणि दार लावून दिवसभर बाहेर जा. नाव विचारलं तर डायक्लोरव्हॉस. या औषधावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे! ज्या घरात लहान मूल जमिनीवर खेळतं तिथे हे शिंपडायचं? दुसऱ्या एकाने धान्यात टाकतात त्या गोळ्या सुचवल्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही मारतो. या गोळ्यांनी घरात मुलं दगावल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तरी लोक सहज सांगतात, चार गोळ्या टाका, एका रात्रीत साफ. शंभर रुपयांत काम व्हावं म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाशी खेळ!

बाजारातले साधे फवारे तर मारून पाहिलेच. ते ज्या जातीच्या औषधाचे असतात, पायरेथ्रॉइड म्हणतात, ती पचवायला ढेकूण जगभर शिकलेत. डीडीटीचंही हेच झालं होतं. नीट काम करणारा माणूस आणला तर त्याने स्पष्ट सांगितलं: एका फवारणीत काम होत नाही, अंड्यांना औषध लागत नाही, ती फुटली की पंधरवड्याने पुन्हा यावं लागेल, कदाचित तिसऱ्यांदाही. आणि हा बॉक्स बेड भिंतीपासून सोडवून सगळे सांधे उघडावे लागतील. मालक म्हणाले, बेड खोलायचा नाही, सनमायका खराब होईल. फवारणीचा खर्चही तुम्हीच करायचा, कारण ढेकूण तुमच्या काळात निघाले.

करारात बघितलं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, रीतसर नोंदवलेला. पंखे किती, ट्यूबलाइट किती, गीझर कोणता, पडद्याचे रॉड किती, सगळी यादी. भिंतीला खिळा ठोकला तर डिपॉझिटमधून पैसे कापणार, हेही आहे. घर राहण्यालायक असेल, त्यात कीड नसेल, असलीच तर कोण निस्तरेल, यावर एक ओळ नाही. सहा महिन्यांचा लॉक-इन मात्र ठळक अक्षरांत. आधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं गेलं. म्हणजे ढेकणांसकट राहा, नाहीतर पैसे सोडा. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा आणला, त्यात रंगरंगोटी, नळाचे पाइप, वायरिंग मालकाकडे आणि नळाचा वॉशर, मोरीची सफाई भाडेकरूकडे अशी वाटणीसुद्धा करून दिली. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्याचा आपल्याला उपयोग नाही ते वेगळं. पण न्यूयॉर्क शहरात २०१० पासून नवीन भाडेकरूला मागच्या वर्षभरात त्या घरात आणि इमारतीत ढेकूण झाले होते का, हे मालकाने लेखी द्यावं लागतं. फ्रान्समध्ये २०१८ च्या कायद्याने कीड नसलेलं घरच भाड्याने द्यायचं बंधन घातलंय. तिथल्या मालकांना जे जमतं ते इथे एका ओळीत करारात लिहायला काय हरकत आहे? पोलिसांना द्यायचा आमचा फोटो, आधार, ऑफिसचा पत्ता सगळं हवं असतं तुम्हाला. आमची कुंडली मांडून मगच किल्ली देता. तुमच्या घराची कुंडली आम्ही कुठे मागायची?

कपाटातले सगळे कपडे आता पिशव्यांत बांधून बाल्कनीत आहेत. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत बघते, लेकीच्या बाहुलीच्या शिवणी उसवून बघते. माहेरी दिवाळीला जायचं नाही म्हणून सांगितलं, कारण बॅगेतून चार गेले तर तिथेही हेच सुरू होईल. नवी गादी आणायची हिंमत नाही. दिवाणखान्यात फरशीवर झोपतो, तेही दिवा चालू ठेवून. आणि या घराचं भाडं पाच तारखेला न चुकता जातं.

मालकांना मी सगळं लेखी पाठवलंय, फोटोंसकट, त्यांच्या त्या जेलच्या पावतीसकट. बेड सोडवायचा, सगळ्या फवारण्यांचा खर्च त्यांनी द्यायचा, नाहीतर लॉक-इन न लावता पूर्ण डिपॉझिट परत करायचं. उत्तर फोनवरच आलं, लिहून द्यायला ते तयार नाहीत. म्हणाले, "शांतपणे घर सोडा, बाहेर कुठे बोलू नका, डिपॉझिटचं बघू आपण." आधीच्या पोरांनाही हेच सांगितलं असणार, म्हणून ती गप्प गेली आणि आम्ही अडकलो. मी गप्प जाणार नाही. घर बघायला पुढचं कुटुंब येईल तेव्हा मी इथे असेन तर त्यांना आधी आतल्या खोलीत नेईन आणि बॉक्स बेडची फळी उचलून दाखवीन. डिपॉझिट अडवायचं तर अडवा.