मायले वाचून दाखवाचं हाये

मे महिन्यातली दुपार होती. परीक्षा आटोपलेल्या, ग्रंथालयात कूलरची घरघर सोडली तर शुकशुकाट. भिवापूरकडची एक मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, काउंटरपाशी येऊन बराच वेळ नुसतीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, सिकलसेलवर मराठीत काही हाये का जी? मायले वाचून दाखवाचं हाये.”

तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार. हातापायांची हाडं अशी ठणकतात की पोरगं रात्र रात्र कण्हत पडतं. दवाखान्यात नेतात, सलाईन लागतं, गोळ्या मिळतात, घरी येतात. एवढ्या वर्षांत त्या आईला कोणी बसवून सांगितलं नव्हतं की हे नेमकं काय आहे. तिचा एकच प्रश्न होता, “आम्ही दोघं बी धडधाकट, मंग पोराले आलं कुठून?” आणि आजीचं उत्तर ठरलेलं, सुनेच्या माहेरचं रक्तच तसं.

मी गेली २२ वर्षं नागपुरातल्या एका शासकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. शोधून देणं हे माझं काम. त्या दुपारी मी तिला शेजारी बसवलं आणि शोधायला लागले. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू झाल्यामुळे आमच्यासारख्या सरकारी संस्थांना संशोधनाची सुमारे १३,००० जर्नल्स उघडी झाली आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत सरकारने. मला या योजनेचा मनापासून आनंद आहे. एकेका लेखासाठी मुंबई-पुण्याच्या ओळखी काढत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तर पडदा भराभर भरला. विदर्भातल्या सिकलसेलवरचे लेख, नागपूरच्या रुग्णांवरचे लेख, नवजात बाळांच्या तपासणीवरचे, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाच्या कमी मात्रेवरचे. सगळे इंग्रजीत. मराठीत हाताला लागल्या दोन घडीपत्रिका. त्यांत ‘रक्त तपासून घ्या’ एवढंच ठळक होतं.

ती पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, “एवढं सारं आपल्यावरच लिवलं हाये?”

हो, आपल्यावरच. आणि आजकालचं नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा आजार सापडल्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. म्हणजे पासष्टहून जास्त वर्षं आपल्या माणसांचं रक्त तपासलं जातंय, मोजलं जातंय, जगभर वाचलं जातंय. ज्यांच्या दंडातून ते काढलं, त्यांच्या घरात मात्र आजी अजून सुनेला बोल लावते आहे.

मी टेबलाच्या खणातून जुन्या तालिकेची चार कार्डं काढली, दोन पांढरी आणि दोन पिवळी. आता सगळं संगणकावर गेलंय, ती कार्डं तशीच पडून होती. म्हटलं, हे बघ. प्रत्येकाकडे या गुणाची दोन कार्डं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. पिवळं म्हणजे सिकलचं. तुझ्या आईकडे एक पांढरं, एक पिवळं. तुझ्या वडिलांकडेही तसंच. एक पांढरं असलं की माणूस बहुधा धडधाकट राहतो, म्हणून दोघांना काही जाणवलंच नाही. याला एएस म्हणतात, वाहक. मूल होताना दोघंही आपापल्या दोनातलं एकेक कार्ड न बघता देतात. तुझ्या भावाच्या वाट्याला दोन्हीकडून पिवळं आलं.

तिने कार्डं हातात घेतली. उलटी केली, पिसली, ओढली. पुन्हा पिसली. सहा-सात वेळा केल्यावर म्हणाली, “म्हंजे बाबाचं बी तेवढंच हाये.”

तेवढंच. अगदी बरोबरीचं.

मग तिने जो प्रश्न विचारला तो मी कुठल्याच घडीपत्रिकेत वाचला नव्हता. “चारातून एकाले होते म्हणतात. एकाले झालं, मंग बाकीचे तीन सुटले ना?” नाही गं बाई. प्रत्येक खेपेला कार्डं नव्याने पिसली जातात. पहिल्याला झालं म्हणून दुसरं सुटत नाही, आणि पहिलं सुटलं म्हणून दुसऱ्याला होईलच असंही नाही. या एका गैरसमजापायी किती घरांनी दुसरं मूल होऊ देताना तपासणी केली नसेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे. आपल्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत जे संशोधन होतं, ते ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या मातीवर झालं त्यांना त्यांच्या भाषेत सांगणं हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे. सवड मिळाली तर करायचं काम म्हणून नाही. प्रबंध जमा करण्याच्या अटींमध्येच ते असलं पाहिजे.

नागपूर हे काही संशोधनाचं लहान गाव नाही. विद्यापीठ १९२३ चं, शंभरी ओलांडलेलं. शतकमहोत्सवी वर्षात, जानेवारी २०२३ मध्ये, इथेच १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आपली एलआयटी, १९४२ ची. पर्यावरणावर काम करणारी नीरी, कापूस संशोधन, संत्रा संशोधन, मृदा सर्वेक्षण, अभियांत्रिकीची व्हीएनआयटी, सगळं शहराच्या एका फेरीत बघून होतं. आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना विचारलं की या शहरात काय शोधलं गेलं, तर बहुतेक गप्प बसतात. यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

एक अपवाद मात्र आठवतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, नीरीने चाचणीची नवी पद्धत आणली. नाकात काडी घालायची नाही, मिठाच्या पाण्याने गुळणी करायची आणि ते पाणी नळीत द्यायचं. आमच्या कॉलनीतल्या सत्तरीच्या काकूंनीसुद्धा मला ती पद्धत समजावून सांगितली होती. आरटी-पीसीआर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसेल, पण गुळणी त्यांच्या घरातली. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. शब्द ओळखीचा होता म्हणून काकूंना विज्ञानाची भीती वाटली नाही.

आता याच्या उलट उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते दगड तपासले. गवताच्या पेशींत सिलिका साठून काचेसारखे बारीक कण तयार होतात, गवत कुजलं तरी ते उरतात. तसे कण त्या विष्ठेत निघाले. २००५ साली हे ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापलं गेलं आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं ही तोवरची समजूत मोडली. २०११ मध्ये त्याच भागातल्या नमुन्यांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली. भाताच्या कुळाचे पूर्वज तेव्हाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे उगवत होते.

भाताचे! चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, आपला सारा धानाचा पट्टा. रोवणी करणाऱ्या बाईला जर कोणी सांगितलं की बाई, तू ज्या रोपाची पेंडी हातात धरली आहेस त्याच्या पूर्वजांना या भागात डायनोसॉरने चारा म्हणून खाल्लं होतं, तर तिला काय वाटेल? मला तरी वाचताना अंगावर काटा आला होता. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ही गोष्ट पहिल्या धड्याला असायला हवी.

आणि कधीकधी न पोचलेल्या माहितीने माणसं मरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. गुलाबी बोंडअळी तिच्यासाठीच बनवलेल्या बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली आहे, हे संशोधकांच्या लेखांत त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. त्या दुर्दैवाची कारणं अनेक होती, भाषा हे एकमेव कारण असं मी म्हणणार नाही. पण पाठीवर पंप घेऊन दाट कपाशीत शिरलेल्या माणसाला अळी का मरत नाही आणि औषध का चढतं हे त्याच्या बोलीत ठाऊक असायला हवं होतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

लोक म्हणतात, मराठीत शब्द नाहीत. मला हे पटत नाही. हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिनच म्हणा, कोणाची हरकत आहे? ‘सिकल’ हा शब्द आमच्या खेड्यापाड्यांत कधीचा मराठी होऊन बसलाय. काही प्राध्यापक मैत्रिणी म्हणतात की सामान्य माणसासाठी मराठीत लिहिलेल्याला बढतीच्या गुणांमध्ये फारशी किंमत नाही, मग वेळ कोण घालवणार. हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच नियम बदलायला हवा असं माझं म्हणणं आहे. नियम माणसांनीच केलेत.

ही मागणी आपल्या मातीला नवीनही नाही. महानुभाव पंथात केशोबास हे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनी पंथाचं लेखन संस्कृतात करायला घेतलं तेव्हा पंथाचे प्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. तसं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं ते म्हणाले. सातशे वर्षं झाली त्याला. ते ज्ञान म्हाताऱ्यांसाठी मराठीत राहिलं म्हणून टिकलं, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलत्यांनी त्या पोथ्यांच्या अभ्यासाला उभं आयुष्य दिलं, तेही मराठीत लिहून. आज महानुभावांचं पवित्र स्थान असलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजातही झाली. मराठी विद्यापीठाने साहित्याबरोबर रक्त, कापूस आणि दगडही मराठीत आणायचं काम हाती घ्यावं, असं मला फार वाटतं.

माझी मागणी साधी आहे. विद्यापीठात जमा होणाऱ्या प्रत्येक प्रबंधाबरोबर, मग तो रसायनशास्त्राचा असो, स्थापत्यचा असो की इतिहासाचा, दोन पानं मराठी सक्तीची करा. काय शोधलं, कसं शोधलं, कोणाच्या उपयोगाचं आहे. आणि ती दोन पानं मार्गदर्शकाआधी विषयाबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. त्याला कळली तरच सही.

ते होईल तेव्हा होईल. मी माझ्या ग्रंथालयात दाराजवळची एक फळी रिकामी केली आहे. नागपुरातून पीएच.डी. केलेल्या, करत असलेल्या प्रत्येकाला हात जोडून विनंती, आपल्या कामाची दोन पानं मराठीत लिहून मला द्या. टाइप करता येत नसेल तर हाताने लिहा, मी टाइप करून घेईन. फळीवरची पहिली दोन पानं सिकलसेलची आहेत. मी लिहिली आणि एका डॉक्टर मैत्रिणीने तपासून दिली. तीन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं.

ती मुलगी जूनच्या शेवटी परत आली. पानं आईला दोनदा वाचून दाखवली म्हणाली. कार्डंही मी तिच्याबरोबर दिली होती, ती परत मागितली नाहीत. आईने ती देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली आहेत. मामेबहिणीची सोयरीक जुळत होती, तेव्हा आईने डबा काढला, पाहुण्यांसमोर चटईवर चारही कार्डं मांडली, आणि म्हणाली, “पयले दोघायचं रक्त तपासा, मंग सुपारी फोडा.”

आजी तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त हात पुढे करून एक पिवळं कार्ड उचललं आणि बराच वेळ बघत राहिली.