चिमण्या-कावळ्यांनी ईबर्ड ‘भरत’ नाही

पक्षिनिरीक्षकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘ऑनलाइन नोंदीत चिमण्या-कावळे भरू नका, दुर्मिळ तेवढंच टाका. फोटो नसेल तर नोंद नको. क्लबच्या फेरीची दिवसाची एकच यादी पुरे, ती महिन्याअखेर एक्सेलमधून चढवा. आणि शिकाऱ्यांना घरट्यांचे पत्ते द्यायचे नसतील, तर खरं म्हणजे काहीच टाकू नका.’ दुर्मिळ तेवढंच टाका आणि काहीच टाकू नका, हे दोन्ही एकाच मेसेजात कसं बसलं कोण जाणे.

ईबर्ड म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ऑनलाइन जमा करायचं संकेतस्थळ आणि ॲप. तिथे फेरीची यादी जमा करताना प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का? ‘हो’ म्हटलं की ती पूर्ण यादी. फेरी ४० मिनिटांची असेल आणि तिच्या यादीत साळुंकी नसेल, तर त्या ४० मिनिटांत साळुंकी आढळली नाही, असं धरता येतं. निवडक यादीत ती नसली, तर नव्हती की लिहायचा कंटाळा केला, हे कळायला मार्ग नाही. आणि सामान्य पक्षी सामान्यच राहतील याची हमी कुणी दिलीय? पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतीय उपखंडात एके काळी सर्रास दिसायची. १९९० च्या दशकात ती कोसळली, आणि ती घट आकड्यांत दाखवता आली कारण केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकातली मोजदाद हाताशी होती.

मोजदाद म्हणजे आकडा. संख्येच्या रकान्यात ‘एक्स’ टाकला की पक्षी ‘होता’ एवढंच उरतं. थव्यातले आधी १० पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि असे किती तुकडे बसतात ते पाहा. ‘अंदाजे १२०’ हे ‘एक्स’पेक्षा कधीही बरं.

फोटोचा मुद्दा आयनॅचरलिस्टपुरता (सगळ्या सजीवांच्या नोंदींचं असंच दुसरं संकेतस्थळ) अर्धा खरा आहे. तिथे फोटो किंवा आवाज नसेल तर नोंद संशोधनाच्या दर्जाला पोचत नाही. ईबर्डला फोटोची अट नाही. त्या भागात, त्या महिन्यात न शोभणारी जात किंवा संख्या टाकली की यंत्रणा तपशील मागते. तिथे ‘नक्की तोच होता’ असं लिहून भागत नाही. वटवट्या (वॉर्बलर) असेल तर डोळ्यावरची भुवईसारखी पट्टी कुठवर जाते, पाय कोणत्या रंगाचे, आवाज कसा, किती अंतरावरून किती वेळ पाहिला, आणि त्याच्यासारखी दिसणारी जात का नाही, हे लिहा. उलट मर्लिनने (आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप) नाव सुचवलं, पण तो आवाज तुम्ही स्वतः ऐकून ओळखला नसेल, तर नोंद करू नका.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो दिवसाच्या एका यादीचा सल्ला. सकाळी तळं, दुपारी माळ, संध्याकाळी झाडी असं १४ किलोमीटर एका यादीत कोंबलं, की कोणता पक्षी कुठल्या अधिवासात दिसला ते गेलंच. जागा बदलली की नवी यादी. प्रवासी यादी, म्हणजे फिरत केलेली, ८ किलोमीटरच्या आत ठेवा. त्याच वाटेने परतलात तर अंतर एकाच बाजूचं धरा. ३० मीटरच्या आतच फिरलात तर यादी स्थिर. ईबर्डची माहिती वापरणाऱ्यांना १० पेक्षा जास्त निरीक्षकांच्या याद्या गाळण्याची शिफारस आहे. म्हणून २५ जण आले असतील तर तीन तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत एकाने यादी लिहावी आणि बाकीच्यांना ‘शेअर’ करावी. ज्याला जो पक्षी दिसला नाही, तो त्याने आपल्या प्रतीतून काढावा. शेअर केलेल्या प्रती एकाच यादीत धरल्या जातात. प्रत्येकाने वेगळी यादी टाकली, तर तळ्यावरची ३० बदकं कागदावर ३०० होतात.

एक्सेलमधून चढवता येतं, पण तिथे दोन खड्डे ठरलेले. तारीख महिना/दिवस/वर्ष अशी लागते, त्यामुळे ५/६ अशी लिहिलेली ५ जूनची फेरी गुपचूप ६ मेला जाऊन बसते. दुसरं, अंतराचा रकाना मैलांत असतो. ३ किलोमीटर चाललात आणि नुसतं ३ लिहिलंत, तर ते जवळपास ५ किलोमीटर होतं. फाइल सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी फाइल), १ एमबीपेक्षा लहान, आणि वर शीर्षकाची ओळ नको.

राहिला शिकारीचा मुद्दा. भीती खोटी नाही, उपाय चुकलाय. ईबर्ड संवेदनशील जाती २० किलोमीटरच्या चौकटीपुरत्याच दाखवतं. आयनॅचरलिस्ट अशा जातींचा नकाशावरचा बिंदू अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकटीत हलवतं आणि नेमकी तारीखही झाकतं. फट राहते ती संवेदनशील यादीत नसलेल्या जातींच्या घरट्यांची: टिप्पणीत ‘पाणवठ्यामागचं तिसरं झाड’ लिहिलं की ते सगळ्यांना वाचता येतं. तिथे घरट्यावर पिन ठोकू नका, परिसराचा सार्वजनिक बिंदू (हॉटस्पॉट) निवडा. पिल्लं उडाल्यावर यादी जमा केली तरी चालतं, फेरीची तारीख-वेळ मूळचीच टाकायची. आणि व्हॉट्सॲपवर घरट्याचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका. साध्या फोटोतून जीपीएसची माहिती गळून जाते, डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी सोबत जाते.