कार्ड आहे, पण नोंद नाही

कालचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय. भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ ताईला द्यायचा होता. बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून देणारं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं, लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी मी वापरतो ती फुकट सिस्टिम, सुरू केलं, आणि माऊस माझ्या हाताच्या दोन पावलं मागे चालू लागला. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’. ज्यांना हे नाव ठाऊक नाही ते सुखी आहेत. अर्थ एवढाच, की पडद्यावर चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करत नाहीये, बिचारा प्रोसेसर एकटा करतोय. कार्ड आपलं आत पंखे फिरवत, दिवे लावून बसलेलं.

नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी गणपतीची वर्गणी मागायला आले.

“काय चाललंय?”

“कार्ड सापडत नाहीये.”

“एटीएमचं?”

“ग्राफिक्सचं. आत बसवलेलं आहे. हे बघा, इथे दिसतंय.”

“मग सापडलं की!”

मी टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ चालवलं होतं. मदरबोर्डवर जे जे बसलंय त्याची ती यादी. त्यात कार्डाचं नाव अगदी मॉडेलसकट होतं. पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅमच लोड होत नव्हता, त्यामुळे सिस्टिमच्या लेखी ते बिनकामाचं. हे मी समजावून सांगितलं. सेक्रेटरींनी डोक्यावरचा चष्मा नाकावर आणला आणि खुर्ची ओढली.

“म्हणजे फ्लॅटमध्ये राहतंय, पण शेअर सर्टिफिकेटवर नाव नाही.”

“तसंच समजा.”

“वीज वापरतं?”

“भरपूर.”

“वापरणारच,” ते म्हणाले. “बी विंगमध्ये आहेत ना असे.”

मी ड्रायव्हर हाताने घालून बघितला. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे किल्ली नामंजूर, असं उत्तर आलं. तेव्हा उलगडा झाला. बायोस अपडेटने सिक्युअर बूट परस्पर चालू करून ठेवलं होतं. ते चालू असलं की ओळखीची डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दारातूनच परत पाठवतो. माझा ड्रायव्हर माझ्याच मशीनवर तयार झालेला, त्यावर सही माझ्याच मशीनची. फक्त ती सही पडताळायची किल्ली नोंदवलेली नव्हती.

“बरोबर आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“काय बरोबर आहे? कॉम्प्युटर माझा, कार्ड माझं, सही माझी!”

“नोंद आहे?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नसतं. आमच्या सोसायटीत तरी आजवर कुणाला सापडलेलं नाही. त्यात मला अवदसा आठवली आणि मी सांगून बसलो, की सिक्युअर बूट चालू असताना बहुतेक लिनक्स ‘शिम’ नावाच्या ज्या छोट्या प्रोग्रॅममधून सुरू होतात, त्यावर सही मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची असते. सेक्रेटरींचा चेहरा उजळला.

“म्हणजे फुकटातल्यालाही आत यायला मोठ्या माणसाची सही लागतेच.”

हे कार्ड मी २०२१ साली घेतलं. तेव्हा अर्धी दुनिया अशाच कार्डांवर इथेरियम नावाचं आभासी चलन खणत होती, कार्डं दुकानात यायच्या आधीच संपायची, आणि छापील किमतीचा विषय काढला की दुकानदार आपल्याकडे दयेने बघायचा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने ती खोदाईच बंद केली. तोवर माझे पैसे जाऊन वर्ष झालं होतं. सांगायचा मुद्दा, एवढे पैसे मोजलेल्या वस्तूसाठी आपल्याच घरात अर्ज करावा लागतो. २०१२मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनस टोरवाल्ड्सने एका बड्या कार्ड कंपनीला कॅमेऱ्यात बघून मधलं बोट दाखवलं होतं. लिनक्स ज्याने जन्माला घातलं त्याचीच ही गत! मलाही काल ते बोट दाखवावंसं फार वाटलं, पण समोर फक्त सेक्रेटरी होते.

सिक्युअर बूट बंद करणं सोपं होतं. पण दुसऱ्या डिस्कवर बायकोचं विंडोज आहे, बिटलॉकर नावाच्या डिस्कच्या कुलपासकट. बूटच्या सेटिंगला हात लावला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसू शकतं. शिवाय सेक्रेटरी होतेच. “सिक्युरिटी बंद? एका भाडेकरूसाठी?”

राहिला राजमार्ग, किल्ली नोंदवायची. ‘मॉकयूटिल’ नावाच्या कमांडने अर्ज टाकायचा, एकदाच लागणारा पासवर्ड ठरवायचा, मशीन रीस्टार्ट करायचं. मग निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबायचं, एवढंच काम. मी बोट उचललं, तोच सेक्रेटरींनी माझं मनगट धरलं.

“थांबा. आधी वाचू दे. न वाचता कशाला हो म्हणायचं नाही.”

आणि ते वाचायला लागले. मोठ्याने. “प्रेस... एनी... की... टू... परफॉर्म...” त्यांचं ‘मॅनेजमेंट’ पूर्ण होईपर्यंत मोजणी संपली, मशीन पुढे निघून गेलं, आणि अर्ज रद्द झाला. पुन्हा पहिल्यापासून.

“बघा,” ते म्हणाले, “मुदतीत आला नाहीत.”

चेष्टा पुरे. बूटच्या वेळी घुसणारे व्हायरस खरे असतात, दारावर पहारा हवा, हे मला मान्य आहे. पण ‘तुमच्या ड्रायव्हरची सही नोंदवलेली नाही, ती अशी अशी नोंदवा’, एवढं एक वाक्य पडद्यावर लिहायला कुणाचं काय जात होतं? माऊस अडखळला तेव्हाच सिस्टिमला सगळं माहीत होतं. लॉगमध्ये लिहून ठेवलेलंही होतं, शेकडो ओळींच्या खाली. सगळं माहीत असूनही विचारेपर्यंत सांगायचं नाही, ही सवय मला आजवर सरकारी खिडकीवरच भेटली होती.

पुढच्या खेपेला मी कीबोर्ड मांडीवर घेऊन, सेक्रेटरींकडे पाठ करून बसलो. किल्ली नोंदली गेली, ड्रायव्हर लोड झाला, माऊस सुतासारखा सरळ. वर्गणी घेऊन निघताना सेक्रेटरी दारात थबकले. “पद्धत चांगली आहे हो. मुदत पण दहाच सेकंद.”

आज सकाळी लिफ्टशेजारी नोटीस लागली आहे. ज्या वाहनांची नोंद आहे पण नवीन स्टिकर नाही, त्यांना रविवारपासून आत सोडलं जाणार नाही. स्टिकर रविवारी सकाळी दहा ते दहा वाजून दहा मिनिटं, सेक्रेटरींच्या घरी.