रान मठ्ठ नाहीये, कळलं?

शिऱ्याचा घास तोंडात होता म्हणून वाचला माझा आतेभाऊ. नाहीतर तिथेच, सत्यनारायणासमोर, केळीच्या खांबाला बांधून सोलला असता.

रविवारी आत्याकडे डोंबिवलीला पूजा होती. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, म्हणजे पोचेपर्यंतच माझं अर्धं डोकं तापलेलं. आतेभाऊ शेजारी येऊन बसला. वय वर्षं वीस, इंजिनीअरिंग, ताटात शिरा आणि हातात मोबाइल. म्हणाला, "ताई, तू ते डिटेक्टिव्ह कोनान वाचतेस ना? मीपण सुरू केलंय." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे जपानी कॉमिक, त्याची कार्टून मालिकाही आहे. शिनइची कुदो नावाच्या सतरा वर्षांच्या डिटेक्टिव्हला गुंडांची टोळी गोळी चारते, तो पहिलीतल्या पोराएवढा होतो, आणि चष्मा लावून, कोनान नाव घेऊन आपल्याच मैत्रिणीच्या, रानच्या घरी राहतो, तिला काहीही न सांगता. तर माझा जीव सुपाएवढा झाला. सोळा वर्षं झाली मला वाचायला लागून. अख्ख्या खानदानात एक माणूस मिळत नव्हता बोलायला. मी लगेच सरसावून बसले. कुठपर्यंत आलास विचारलं. तर म्हणे, "चाळीसेक एपिसोड झालेत. बाकी क्लिप्स बघतो. पण ताई, ती रान कसली मठ्ठ आहे गं! नुसता चष्मा लावला की बॉयफ्रेंड ओळखू येत नाही होय?"

चाळीस एपिसोड. हजाराच्या वर भाग झालेत त्या मालिकेचे. याने 'सुखकर्ता'पर्यंत ऐकलं आणि आरतीची चाल फसलीये म्हणून मोकळा झाला.

आणि चष्मा! सगळे मेले त्या चष्म्यावरच का येतात? पहिली गोष्ट, तो चष्मा बापाचा आहे, काचा काढलेला, घाईघाईत पुस्तकांच्या कपाटासमोर चढवलेला. त्याच कपाटातल्या पुस्तकांवरून नाव जुळवलं, एदोगावा रांपोमधलं एदोगावा आणि डॉयलसाहेबांमधलं कोनान. म्हणजे त्या पोराला स्वतःलाच ठाऊक होतं की हे सोंग किती तकलादू आहे. दुसरी गोष्ट, प्रश्न चष्म्याचा नाहीच. तुमच्यासमोर पहिलीतलं पोर उभं आहे. तुमच्या मनात येईल का, की हा माझा सतरा वर्षांचा मित्र असणार, कुणीतरी गोळी चारून याला एवढुसा केलेला दिसतोय? असं ज्याच्या मनात पहिल्या फटक्यात येईल त्याला घरचे लिंबू उतरवायला घेऊन जातील. रानच्या मनात ते तरीही आलं. एकदा नाही, कितीदा तरी. कारण लहानपणीचा शिनइची तिने पाहिलाय, तो चेहरा तिला पाठ आहे.

आणि दर वेळी तिच्या मनात आलं की तिला फसवलं गेलं. ठरवून, चार-चार डोकी एकत्र येऊन. पंचविसाव्या खंडात कोनानला गोळी लागते, हॉस्पिटलात रक्त कमी पडतं, आणि ही शांतपणे पुढे होऊन म्हणते की माझं घ्या, आमचा रक्तगट एकच आहे. कोनानचा रक्तगट हिला कुठून कळला? नाही ना कळणार, तिला शिनइचीचा माहीत होता! ते पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या गॅलरीत उभी होते, तिथेच खाली बसले. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या त्या पोरालाही कळतं की हिला समजलंय. ही मठ्ठ मुलगी?

मग काय केलं या हुशार मंडळींनी? टोळी सोडून आलेल्या आणि त्याच गोळीने लहान झालेल्या हाइबाराने तात्पुरता उतारा तयार करून दिला, साहेब मोठे होऊन शाळेच्या नाटकात काळ्या सरदाराच्या वेषात स्टेजवर अवतरले, आणि त्याच वेळी स्वतः हाइबारा कोनान बनून, तोंडाला मास्क लावून, मास्कमध्ये आवाज बदलायचं यंत्र बसवून प्रेक्षकांत बसली. दोघं एकाच वेळी डोळ्यांसमोर! आता मला सांगा, यापुढे संशय घेत राहिली असती तर तुम्हीच म्हणाला असता की ही पोरगी संशयी आहे. पोलीस फसले असते, कोर्ट फसलं असतं. फसली म्हणून शिव्या मात्र रानला.

हे सगळं मी ताट हातात धरून सांगत होते. आवाज थोडा चढला असेल. स्वयंपाकघरातून आत्याने विचारलं, "कुठलं रान गं? आणि कुणाची आई मास्क लावून बसली?"

कारण मी तिला हाइबारा नाही, 'आई' म्हणत होते. हाइबारा आई. नावच आहे तिचं, मी काय करू? मराठी घरात या मालिकेवर भांडणं म्हणजे तोंडाचा जाच आहे नुसता. रानला काही माहीत नाही, पण आईला सगळं माहीत आहे. आई विषारी गोळ्या बनवायची. आई आधी गुंडांच्या टोळीत होती. बोलून बघा चारचौघांत.

त्यात मी दारूवर आले, कारण त्या टोळीतल्या माणसांची टोपणनावं दारूची असतात. येणारच होते. "अरे, माहीत कुणाला नाहीये ते सांग!" म्हणून मी बोटं मोजायला घेतली. शेजारच्या आगासा प्रोफेसरला पहिल्या दिवसापासून माहीत. आईबापांना माहीत, आणि ते खुशाल परदेशात. हाइबाराला माहीत. त्याच्या डिटेक्टिव्ह मित्राला, हेइजीला माहीत, आणि तो गाढव भर गर्दीत "कुदो!" म्हणून हाळी देतो, मग जीभ चावतो, आणि हे इतकी वर्षं चाललंय. एफबीआयवाल्या अकाईला माहीत, अकाईच्या बहिणीला, सेराला माहीत, किड चोराला माहीत. शत्रूच्या गोटातल्या वर्मूथला माहीत! सगळ्या पंचक्रोशीला माहीत, आणि ज्या घरी तीन वेळा गिळतोय त्या घरात पत्ता नाही. रानचा बाप कोगोरो, तोही डिटेक्टिव्ह; त्याला सुईने झोपवून कोनान त्याच्या आवाजात केस सोडवतो. त्याच्या मानेची तर झोपेच्या सुया टोचून टोचून चाळण झालीये. कोगोरोला स्पाँडिलायटिस कसा झाला नाही हेच मला कळत नाही.

"आणि तुला चष्मा दिसतो! अरे, जिन कोण, वोडका कोण, हे बाजूला ठेव. रम कोण हे कळायला आम्हाला सात वर्षं लागली! २०१४ साली रमचं नाव काढलं, २०२१ उजाडलं तेव्हा कुठे रम हाती लागली!" हे वाक्य मी ज्या क्षणी उच्चारलं त्या क्षणी गुरुजी पळी-पंचपात्र पिशवीत भरत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दुसऱ्यांदा शिरा वाढून घेत होता.

नवऱ्याचं नाव निघालंच आहे तर तेही होऊन जाऊ दे. "इतके खून त्या पोराच्या आसपास होतात, पोलीस त्यालाच का आत टाकत नाहीत?" हा विनोद त्याने आमच्या पहिल्या भेटीत केला होता. मी हसले होते. ती आयुष्यातली मोठी चूक. तेव्हापासून दर पाहुण्यासमोर तो हा विनोद नवा असल्यासारखा काढतो.

अजून कोण कोण आहे माझ्या यादीत? 'आगासाच बॉस' म्हणणारे. लेखकाने स्वतः सांगितलं की नाही बाबांनो, आगासा नाही. तरी यांचं चालूच. म्हातारा बिनलग्नाचा, यंत्रं बनवतो, म्हणजे नक्कीच आंतरराष्ट्रीय टोळीचा म्होरक्या. या न्यायाने आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आत जायला हवेत. मग ते 'जिमी'वाले. शिनइचीचा जिमी, रानची रेचल, कोगोरोचा रिचर्ड. इंग्रजी छापणाऱ्यांनी केलं ते केलं, आपण कशाला? खून टोकियोत, सुशी ताटात, आणि नाव रेचल मूर. आणि ते इंग्रजी खंड! तीन महिन्यांतून एक येणार. जपानात शंभरावा खंड २०२१ मध्येच निघाला, आमच्या कपाटातली रांग मात्र पेन्शनीतल्या माणसासारखी एकेक पाऊल टाकतेय. किमतीबद्दल बोलत नाही, नवरा हे वाचतो.

आणि हाइबारा पक्ष विरुद्ध रान पक्ष. देवा! २०२३ च्या पाणबुडीच्या सिनेमानंतर तर वीट आला. हाइबाराने पाण्यात कोनानला श्वास दिला, ते चुंबन की प्रथमोपचार यावर लोकांनी डोकी फोडून घेतली. शेवटी ती बिचारी जाऊन रानच्या ओठांवर ते परत ठेवून येते, म्हणजे तुझी वस्तू तुला. याहून स्वच्छ हिशेब मी पतपेढीतही पाहिलेला नाही. पण नाही. रानला खाली खेचल्याशिवाय हाइबारा मोठी होत नाही, असं कुणी शिकवलंय यांना?

मला राग कुणाचा असेल तर तो शिनइचीचा आहे, आणि त्याला मात्र कुणी मठ्ठ म्हणत नाही. टोळीला कळलं तर रानच्या जिवाला धोका, म्हणून लपवतो. ठीक. एक वेळ मान्य. पण मग लंडनला बिग बेनखाली उभा राहून प्रेमाची कबुली कशाला दिलीस रे? प्रेम सांगितलंस, पत्ता नाही सांगितलास. पुढे क्योटोच्या सहलीत गाडी रीतसर जुळली. म्हणजे आता ती पोरगी ज्याच्या फोनची वाट बघत बसते, तोच समोर बसून तिने वाढलेलं जेवतोय आणि विचारतोय, काय झालं रान-नेचान (म्हणजे रानताई), उदास का? याला ओल्या फोकाने मारायला हवं.

"ताई," आतेभाऊ मध्येच म्हणाला, "त्यांचं जमतं?"

मी थांबले.

"आणि रम कोण निघतो म्हणालीस?"

मी म्हणाले नव्हते. पण रागाला ब्रेक नसतो, तोंडून निघून गेलं की सुशीवाला. वाकिता कानेनोरी. त्याच्या नावाची रोमन अक्षरं उलटसुलट केली की 'तोकि वा काने नारि' होतं, म्हणजे वेळ हाच पैसा, आणि हा वेळेचा एवढा भोक्ता माणूस आमची सात वर्षं खाऊन बसला. मी हे सगळं सांगितलं. मग म्हटलं, एवढं सांगितलंच आहे तर अकाई मेलेला नसतो हेही सांगितलं. त्याने विचारलं, "अकाई कोण?" तरीसुद्धा मी सांगितलं. किड आणि शिनइचीचे चेहरे इतके सारखे का यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, अर्ध्यांचं म्हणणं की लेखक आओयामांना एकच चेहरा काढता येतो, आणि २०२४ च्या सिनेमात हळूच उघड केलं की दोघांचे बाप जुळे भाऊ, जत्रेत हरवल्यासारखे, आणि हे दोघे चुलतभाऊ. हेही सांगितलं. गेली सगळी रहस्यं. एका वाटी शिऱ्यात.

त्याच्याकडे पाहिलं तर पोराचा चेहरा पडला होता. चाळीस एपिसोडांवर होता तो.

आता हे कुणाला सांगू नका, पण २०१७ च्या डिसेंबरात ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका सहकारिणीने "अगं, बॉसचं नाव आलं, कारासुमा!" असं बाराव्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत सांगून टाकलं होतं. तिसाव्या खंडात सहज येऊन गेलेलं नाव, मी त्यावर घरी एक वही भरली होती. त्या संक्रांतीला मी तिच्या हातचा तिळगूळ घेतला नाही. तिळगूळ! आणि मी काय केलं आत्ता? वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पैठणी नेसून, हातात ताट घेऊन, उभी राहून (कधी उभी राहिले कुणास ठाऊक) एका पोराचा पुढच्या पाच वर्षांचा आनंद पंधरा मिनिटांत मारला. घरी महिनाभर मिक्सर बिघडलाय. त्याबद्दल दुकानदाराशी मी याच्या दहाव्या हिश्शानेही भांडले नाही.

"सॉरी रे," मी म्हटलं.

"ठीक आहे. पण चष्म्याचं मला पटलेलं नाही," तो म्हणाला. घराण्याचं रक्त आहे.

तेवढ्यात आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. तिने दारातून सगळं ऐकलं होतं. "ती मुलगी त्या छोट्याला जेवू घालते ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मोठा फोनवर बोलतो, पण घरी येत नाही."

"हो."

"मग तिला ठाऊकच असणार गं. आता विचारत नसेल इतकंच. विचारलं की जातात ही माणसं." आणि ती तीर्थाची वाटी उचलून आत गेली. सोळा वर्षं जो वाद मी पुरावे मांडून, खंड आणि पानं सांगून घालतेय, तो हिने एकही पान न वाचता घातला. आतेभावालाही यावर बोलता आलं नाही. आत्याच्या यजमानांनी मात्र घसा खाकरला आणि पेपर थोडा वर धरला.

रात्री अकरा वाजता त्याचा मेसेज. "ताई, तो रक्तगटवाला खंड देशील का? मला बघायचंय." बघा, आहे की नाही! मी उठले, कपाट उघडलं. तेवीस, चोवीस, सव्वीस.

पुन्हा मोजलं. तेवीस, चोवीस, सव्वीस. मागे पडलाय का बघितलं, आडवा ठेवलाय का बघितलं, नवऱ्याला उठवून विचारलं. तो म्हणाला, पोलिसांना बोलाव, त्या पोराला सोबत आण म्हणावं. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

खंड कुणी नेला असणार हे मला आता स्वच्छ आठवतंय. तीच लिफ्टवाली. बदली होऊन नाशिकला जाताना "दोन दिवसांत देते" म्हणाली होती. पुरावा नाही माझ्याकडे. पण परवा बँकेत एक बाई अगदी तिच्यासारखी दिसली, माझ्याकडे बघून न ओळखल्यासारखं करून निघून गेली, आणि मीही म्हटलं ही ती नसेल, कारण आमच्या हिने कधी चष्मा लावलेला नव्हता.