वासोट्याला थोडा त्रास घेऊनच जावं

"वासोटा म्हणजे डोक्याला ताप आहे राव. निम्मा दिवस बोटीत आणि वरून वनखात्याच्या अटी." ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात कुणी ना कुणी हे टाकतंच. मला विचाराल तर हा ताप आहे म्हणूनच तिथलं जंगल अजून जंगल राहिलंय.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी: वासोटा हा कोयनेच्या जंगलातला गड. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला उतरायचं, परवानगी काढायची, बोट ठरवायची आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून मेट इंदवलीचा काठ गाठायचा. पुढे कोयना अभयारण्य. गडावर मुक्काम नाही, अंधाराच्या आत बोटीत परत. काठावरच्या चौकीत पिशव्या उघडायला लावतात. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, सगळं प्लास्टिक मोजून वहीत लिहितात आणि अनामत ठेवून घेतात. उतरल्यावर तेवढंच दाखवा, पैसे घ्या. माझ्यापुढचे एक काका यावरून जाम चिडले होते. संध्याकाळी तेच काका दुसऱ्या कुणीतरी टाकलेली बाटली उचलून, हिशेब जुळतोय का बघत बसले होते!

ओढ्याजवळचे मारुती-गणपती मागे टाकले की झाडी अशी मिटते की भर दुपारी टोपी काढून ठेवावी. वाटेत गव्याचं शेण, मऊ मातीत खुरांचे ठसे. एका झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते, माझ्या डोक्याच्याही वर. शेकरू आधी ऐकू येतं, मग मान मोडेपर्यंत वर बघितलं तर तांबूस शेपटी दिसते, तीही तुमच्या ग्रुपात ब्लूटूथ स्पीकरवाला नसेल तरच. "वाघ दिसला का?" असं परत आल्यावर विचारणाऱ्यांना काय सांगणार! व्याघ्र प्रकल्प आहे, सर्कस नाही. माथ्यावरून बाबूकड्याचा तो अंगावर येणारा कातळ, समोर नागेश्वरच्या गुहेचा डोंगर, आणि खाली एकदम तुटून पडलेलं कोकण. याचं वर्णन मी करत नाही, फोटो टाकलेत.

आता मुद्दा. या भागात 'नवीन महाबळेश्वर' नावाचं नवं गिरिस्थान करायचं सरकारचं चाललंय. आराखड्यात दोनशेहून जास्त गावं आहेत. जुन्या महाबळेश्वरचं सीझनमध्ये काय होतं ते आपण बघतोच. नाशिककडच्या हरिहर गडाच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी लागणारी रांगही बघतो. कोयना अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. त्याच्या उंबऱ्याशी रिसॉर्टांची रांग उभी करून नेमकं कुणाचं भलं होणार?

पण एक गोष्ट शहरातल्या निसर्गप्रेमींनी (मी त्यातलाच) लक्षात ठेवावी. हे खोरं रिकामं नव्हतं. कोयना धरणाच्या पाण्यात गावं गेली. नंतर १९८५ ला अभयारण्य आणि २०१० ला व्याघ्र प्रकल्प झाला, आणि उरलेल्यांतलेही काही उठले. मेट इंदवली हे गावच होतं, वाटेत अजून घरांची जोती दिसतात. त्यामुळे काठावर राहिलेल्या माणसांनी पूल मागितला, रस्ता मागितला, तर पुण्या-मुंबईत बसून नाक मुरडायचा हक्क आपल्याला नाही. बाळंतीण बाईला लाँचमधून दवाखान्यात न्यायचं म्हणजे काय, हे एकदा बोटवाल्या दादांना विचारा. तिच्यासाठी पूल जरूर व्हावा. पण त्याच पुलाचं नाव पुढे करून डोंगरउतारावर व्हिला प्लॉट पाडायचे, याला माझा विरोध आहे. आणि या दोन गोष्टी जाणूनबुजून एकत्र कालवल्या जातात, हे कुणीतरी बोलायला हवं.

जाणार असाल तर पावसाळ्यात गड बंद असतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, शक्यतो मधल्या वारी. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून आठ-दहा जण जमवा. पहिल्या बोटीने निघा. जेवणाची ऑर्डर सकाळीच बामणोलीत देऊन ठेवा, परतल्यावर गरम भाकरी मिळते. आणि स्पीकर घरी ठेवा, त्याची नोंद चौकीतल्या वहीत होत नाही.