वास्तू तथास्तु म्हणते

नाट्यगृहात प्रयोग करणं आता तुम्हाला शोभत नाही. तिथं खुर्च्या असतात, आणि नाटक फसलं तर ते प्रेक्षकाला बसल्या जागी कळतं. तुम्ही सरळ एखादी जुनी वास्तू गाठा. निम्मा गिलावा पडलेली, एक तरी जिना 'पुढे धोका' अशी पाटी लावून बंद केलेला. छप्पर गळत असेल तर उत्तमच. टपकणारा थेंब पार्श्वसंगीतात धरता येतो आणि श्रेयनामावलीत त्याच्यासमोर स्वतःचं नाव घालता येतं. वास्तू तथास्तु म्हणत असते असं आपण ऐकत आलो आहोत. तिच्याकडून नकार म्हणून येत नाही, हाच तिचा मोठा गुण.

जागा मिळाली की तिच्याबद्दल चुकूनही काही वाचू नका. ती कोणी बांधली, कशासाठी, तिथं कोण राबलं, कोणाला डांबलं, हे एकदा कळलं की संपलं. धान्याचं कोठार होतं असं समजलं तर भुकेबद्दल काहीतरी करावं लागेल. आणि तुमच्याकडे तर एकटेपणावरचा प्रयोग तयार आहे. नायिका पाऊण तास एक दार लावू पाहते आणि ते लागत नाही, तोच. गेल्या वर्षी तो बंद पडलेल्या कारखान्यात झाला, त्याआधी कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावात (तिथं दार बाहेरून आणावं लागलं होतं), आणि दोन्हीकडे तो खास त्याच जागेतून उगवला होता. कन्सेप्ट नोटमध्ये वास्तूचं नाव तेवढं बदला. पण सगळीकडे बदला. 'तलावाच्या तळाशी साचलेली शांतता' तिसऱ्या परिच्छेदात राहून गेली तर प्रेक्षक तिचाही अर्थ लावतील, पण अनुदान समितीत एखादा वाचणारा निघतो.

नोटमध्ये अवकाश, स्मृती, देह आणि अनुपस्थिती हे चार शब्द हवेत. क्रम कोणताही चालेल. 'खोली' हा शब्द मात्र टाळा. खोलीत माणसं राहतात, प्रयोग अवकाशात होतो.

नाट्यगृहाबाहेरच्या प्रयोगांच्या या क्षेत्रात काही मंडळींनी जागेकडे खरोखर पाहण्याचा वाईट पायंडा पाडला आहे, त्यांच्यापासून जपा. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांनी एका माणसाला दोरांच्या आधारानं इमारतीच्या माथ्यावरून बाहेरच्या भिंतीवर उतरवलं आणि तो भिंतीला काटकोनात राहून पायी चालत खाली आला. जमीन लागली, काम संपलं. कामाचं नाव काय, तर 'इमारतीच्या बाजूवरून खाली चालणारा माणूस'. आता नावातच सगळं सांगून टाकल्यावर प्रेक्षकांनी घरी जाऊन न समजायचं तरी काय?

वेल्समधल्या ब्रिथ गॉफ या नाट्यसंस्थेनं १९८८ साली कार्डिफमधल्या मोटारींच्या बंद कारखान्यात वाळू, झाडं, मोडक्या गाड्या आणि पाणी आणून एका जुन्या वेल्श युद्धकाव्याचा प्रयोग केला. या संस्थेतल्या क्लिफ मॅक्लुकस यांनी पुढे असं मांडलं की, जागा ही यजमान असते आणि प्रयोग हे भूत. ही उपमा मात्र उचलण्याजोगी आहे. प्रयोगाला पाहुणा म्हटलं तर निघायच्या वेळी उठावं लागतं. भूत मानगुटीवर बसून राहू शकतं.

आणि इतिहास वाचल्यानं काय होतं याचा नमुनाच हवा असेल तर जर्मनीतल्या हाल्बरश्टाटकडे पाहा. तिथल्या बुर्खार्डी चर्चची काही काळ डुकरं ठेवण्यापर्यंत दशा झाली होती. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची ऑर्गन या भात्याच्या वाऱ्यावर वाजणाऱ्या वाद्यासाठी एक रचना आहे, होता होईल तो संथ वाजवायची. ती या चर्चमध्ये वाजवायचं ठरलं. संथ म्हणजे किती? तुम्ही-मी 'दीड तास' म्हणून मोकळे झालो असतो. या लोकांनी दप्तर उघडलं. त्याच गावच्या कॅथेड्रलमध्ये १३६१ साली एक प्रसिद्ध ऑर्गन बांधला गेला होता. २००० मधून १३६१ वजा केले, आले ६३९. म्हणून रचना ६३९ वर्षं वाजणार! ५ सप्टेंबर २००१ रोजी आरंभ झाला, आणि रचनेच्या सुरुवातीलाच विराम असल्यामुळे पहिला स्वर उमटला फेब्रुवारी २००३ मध्ये. मधले सतरा महिने नुसता भात्यातला वारा. समाप्ती २६४० साली. नुसतं कुतूहल म्हणून जुनी कागदपत्रं चाळली आणि सहा शतकं ओलांडून जाणारी जबाबदारी गळ्यात पडली. तुम्हाला तर रविवारी रात्री सामान परत करायचं आहे.

जतनवाले येतील. चिकटपट्टी लावू नका म्हणतील, कारण जुन्या चुन्याच्या गिलाव्यावरून ती निघते तेव्हा एकटी निघत नाही. मेणबत्त्यांची काजळी, धुराच्या यंत्राचा तेलकट थर, शंभर माणसांच्या श्वासाचा दमटपणा, सगळं ऐकवतील. त्यांच्यासमोर १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय नियमावली, ठेवा. वास्तू समाजोपयोगी कामासाठी वापरली तर तिच्या जतनाला मदतच होते, असं तिच्या पाचव्या कलमात आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की, अशा वापरानं वास्तूची रचना किंवा सजावट बदलता कामा नये. ते वाचायची वेळ येण्यापूर्वी पान उलटा. तरीही गिलावा निघालाच, तर पडलेल्या तुकड्याभोवती खडूनं गोल काढा आणि त्यावर प्रकाशझोत सोडा.

प्रेक्षकांना बसायला काही देऊ नका. बसलेला माणूस विचार करतो, उभ्या माणसाचं सगळं लक्ष गुडघ्यांकडे असतं. कुठं पाहायचं हेही सांगू नका. १९५९ साली अमेरिकन कलावंत ॲलन कॅप्रो यांनी आपल्या 'हॅपनिंग'मध्ये, म्हणजे प्रेक्षकांनाही सामील करून घेणाऱ्या प्रयोगात, त्यांना कोणत्या वेळी कोणत्या खोलीत जायचं याच्या लेखी सूचना दिल्या होत्या. इतकी सोय म्हणजे लाड झाले. मी स्वतः अशाच एका प्रयोगात चाळीस मिनिटं एका खांबाकडे आदरानं पाहत उभा होतो. प्रयोग वरच्या मजल्यावर चालला होता. पण खांब चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्या संध्याकाळी ज्याच्यावर कोणीतरी मेहनत घेतली आहे असं वाटलं, तो तेवढा एकच.

शेवटी चर्चा ठेवावीच लागते. माइक शक्यतो ओळखीतल्याच माणसाकडे द्या. 'देह आणि अवकाश यांच्यातला तणाव' यावर तो तीन मिनिटं प्रश्न विचारेल आणि तुम्ही 'हो' म्हणाल. धोका आहे तो मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा, म्हणजे रांग असती तर. वास्तू चालती होती तेव्हा तो तिथं कामाला असतो. तो माइकशिवाय बोलतो. विचारतो, "बाई, ते दार पाऊण तास लागत नव्हतं, ते मुद्दाम का? कारण त्याची कडी जरा वर उचलावी लागते."

अशा वेळी हसू नका. "खूप महत्त्वाचा मुद्दा आहे" म्हणा आणि पुढचा प्रश्न घ्या. थोड्या वेळानं तो उठेल, काठी काखेत धरेल आणि बाहेर पडताना दार ओढून घेईल. एका हातानं, खट्कन. तेवढा वेळ कॅमेरा बंद ठेवायला सांगा.